सही न उमटवणारं जहाज

आमच्या वास्कोत 'माइन' म्हटलं की लाल माती डोळ्यासमोर येते. २०१६च्या दिवाळीनंतर एका रविवारी जेवताना भाच्याने जाहीर केलं, की त्याला आता माइनचं काम मिळणार. डिचोलीहून आलेल्या वहिनीच्या बहिणीचा घास हातातच राहिला. खाणींवर २०१२मध्ये पहिली बंदी आली तेव्हापासून तिच्या नवऱ्याचे दोन ट्रक कधी चालायचे, कधी अंगणात उभे असायचे.

"सगळं परत सुरू होतंय? कोणी सांगितलं तुला?"

"ती माइन नव्हे गं मावशी. समुद्रातली."

"आता समुद्रातपण काढतात?"

मग भाच्याने तिला ताटातल्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, आधारे पाणसुरुंग समजावले. हा तळाशी बसलेला, हा साखळीने बांधून मध्येच तरंगणारा, आणि ही वाटी म्हणजे वरून जाणारं जहाज. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुला पैसे सुरुंग लावण्याचे नाहीत, काढण्याचे मिळणार. मग कोणीतरी आधी लावायला हवेत ना?" या प्रश्नाचं उत्तर तेव्हा तिथे कोणालाच देता आलं नाही. खरं सांगायचं तर पंधराहून जास्त वर्षं ज्या खरेदीभोवती एवढी चर्चा झाली, तिची सगळी अडचण मावशीच्या या एका वाक्यात होती.

भाचा बोलत होता त्याला निमित्त होतं १३ नोव्हेंबर २०१६चं. नोटा बंद होऊन पाच दिवस झाले होते, बँकांसमोर रांगा होत्या, आणि त्या दिवशी पंतप्रधान गोव्यात आले. मोपाच्या विमानतळाची पायाभरणी झाली, आणि त्याच कार्यक्रमात गोवा शिपयार्डमध्ये सुरुंगशोधक जहाजं बांधण्याची क्षमता उभारण्याच्या कामालाही सुरुवात झाली. लोकांच्या लक्षात राहिलं ते नोटांवरचं भाषण. भाच्याच्या लक्षात राहिला दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला एक शब्द: जीआरपी. काचतंतू घातलेलं प्लास्टिक. ज्याला आपण सगळे नुसतं 'फायबर' म्हणतो.

कुठ्ठाळीच्या अलीकडे भाच्याची एक शेड आहे. तिथे तो फायबरच्या होड्या करतो, पाण्याच्या टाक्या करतो, आणि कोणी सांगितलं तर गणपतीच्या देखाव्यासाठी डोंगरही करतो. त्याला वाटलं, एवढी मोठी फायबरची जहाजं झुआरीच्या काठी बांधली जाणार, तर त्यातलं दार, झाकण, कपाट असं काहीतरी त्याच्या वाट्याला येईलच. त्याने कर्ज काढून शेड मागच्या बाजूला वाढवली.

मी त्याला तेव्हाच 'थांब' म्हणायला हवं होतं, कारण घरात खरेदी कशी चालते ते माहीत असलेली एकटी मीच. तीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या परचेस सेक्शनमध्ये काढली. कचेरीचं नाव घेत नाही. जहाजांचा आणि माझा संबंध एवढाच, की खिडकीतून मुरगावच्या बंदराकडे निघालेली दिसायची. मी विकत घेतले ते पंप, केबल, रंग, दोऱ्या, आणि एकदा पंखे चारशे. पण फाइल ही फाइलच असते. पंख्याची असो की जहाजाची, तिचा स्वभाव एकच. म्हणून सुरुंगशोधकांच्या खरेदीची बातमी पेपरात कोपऱ्यात जरी आली, तरी मी ती आधी वाचायचे. भाच्यासाठी कात्रणं कापून ठेवायचे. पुढे कात्रणांची एक फाइलच झाली. सवय जात नाही.

या जहाजांची खरी गंमत मला त्या कात्रणांतूनच कळली. लोखंडाचं जहाज बांधता बांधता स्वतःच एक मोठं चुंबक होऊन जातं. पृथ्वीचं चुंबकत्व त्यात मुरतं, आणि गोदीत जहाज कोणत्या दिशेला तोंड करून उभं होतं, याचीसुद्धा खूण त्याच्या अंगात राहते. तळाशी बसलेला आधुनिक सुरुंग जहाजाला धडकण्याची वाट बघत नाही. तो वरून जाणाऱ्या जहाजाचं चुंबकत्व ओळखतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, पाण्याच्या दाबातला फरक टिपतो. जहाजाच्या या सगळ्या खुणांना नौदलात म्हणतात 'सिग्नेचर'. जहाजाची सही. जहाज जिथे जाईल तिथे पाण्यात सही करत जातं, आणि सुरुंग ती सही ओळखून फुटतो.

तेव्हा सुरुंग शोधायला जाणाऱ्या जहाजाची पहिली अट ही, की त्याची सही जवळजवळ उमटताच कामा नये. आपल्या नौदलाने पन्नासच्या दशकात ब्रिटनकडून असे सुरुंगशोधक घेतले, तेव्हा त्यांचं बाहेरचं कवच लाकडाचं होतं. सत्तरच्या दशकात युरोपात काचतंतूंची सुरुवात झाली. इटलीवाल्यांनी तर आतल्या फासळ्या काढूनच टाकल्या आणि जाडजूड एकसंध कवच ओतलं, म्हणजे जवळ स्फोट झाला तर ते वाकतं, फुटत नाही. नुसतं कवच फायबरचं करून भागत नाही. इंजिन कमी चुंबकत्वाचं हवं, पंप तसाच हवा, दाराची बिजागरी, नळाची तोटी, हत्यारांची पेटी, सगळ्याचा हिशेब ठेवावा लागतो. आवाजही कमी हवा, म्हणून यंत्रं रबरी पायांवर बसवतात. आणि हे सगळं जवळच्या स्फोटाचा धक्का सोसणारंही हवं.

आता परचेसमधल्या माणसाने हे वाचलं की त्याच्या पोटात गोळा येतो. कारण आमचा सगळा धर्म एका वाक्यावर उभा आहे: तीन कोटेशनं आणा, तांत्रिकदृष्ट्या पास झालेल्यांत ज्याची किंमत सगळ्यात कमी तो एल-वन, ऑर्डर त्याची. पंख्यांच्या बाबतीत हे झकास चालतं. पण कमी चुंबकत्वाचं डिझेल इंजिन करणारे जगात किती? आवाजाच्या लहरींनी सुरुंग शोधणारं 'सोनार' नावाचं यंत्र करणारे किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि ते वर्षाला दोन-चार नग विकतात, कारण एवढंच गिऱ्हाईक असतं. मग प्रत्येक वस्तू 'सिंगल व्हेंडर' होऊन बसते. सरकारी कचेरीत हा शब्द उच्चारला की लोक खुर्ची मागे सरकवतात.

या खरेदीचा प्रवास मी माझ्या भाषेत सांगते. नौदलाकडे सोव्हिएत बनावटीचे बारा मोठे सुरुंगशोधक होते, १९७८ ते १९८८ या काळात आलेले. त्यांत एकाचं नाव 'रत्नागिरी' होतं आणि एकाचं 'कोकण'. लहान, किनाऱ्याजवळच्या कामाचे आणखी सहा होते, त्यांत एक 'मालवण'. मराठी माणसाला हे ठाऊक नसतं, पण आपल्या किनाऱ्याची नावं अनेक वर्षं सुरुंगांच्या कामाला जुंपलेली होती. या जहाजांची वयं झाली तेव्हा २००८मध्ये नव्यांसाठी निविदा निघाली. आठ जहाजं हवी होती, दोन बाहेरून बांधून आणि सहा गोवा शिपयार्डमध्ये. २०११मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानची कांगनाम कंपनी एल-वन ठरली, इटलीची इंटरमरीन मागे पडली. मग मध्यस्थांच्या वापराबद्दल प्रश्न उठले आणि २०१४मध्ये ती निविदा रद्द झाली. फेब्रुवारी २०१५मध्ये, पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, बारा जहाजांचं काम थेट गोवा शिपयार्डला नेमून दिलं गेलं. पेपरात आकडा आला सुमारे ३२,००० कोटी. तंत्रज्ञान द्यायला परदेशी भागीदार हवा होता, आणि शेवटी बोलणी परत कांगनामशीच सुरू झाली. तीन वर्षं किंमत आणि तंत्रज्ञान किती द्यायचं यावर घासाघीस झाली, आणि जानेवारी २०१८मध्ये तीही फिसकटली.

मला त्यातली तारीख विसरता येत नाही, कारण पुढच्याच महिन्यात, ७ फेब्रुवारी २०१८ला, सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणींची नूतनीकरणं रद्द केली. वहिनीच्या बहिणीचे ट्रक आणि भाच्याची वाढवलेली शेड पाठोपाठ थांबली. घरातल्या दोन्ही माइनी बंद. मावशीने फोन करून विचारलं, "तुझीपण बंद झाली?" त्यावर भाचा म्हणाला, "तुझी निदान सुरू होती कधीतरी."

या सगळ्या काळात सोव्हिएत सुरुंगशोधक एकेक करून निवृत्त होत होते. शेवटचं 'कोझिकोड', १३ एप्रिल २०१९ला विशाखापट्टणमला त्यावरचं निशाण उतरलं. त्यानंतर एवढ्या मोठ्या किनाऱ्याच्या देशाकडे या कामासाठी खास बांधलेलं एकही जहाज उरलं नाही. नौदलाने इतर जहाजांवर चढवता येतील अशी उपकरणं वापरून वेळ भागवली. पण घर भाड्याचं असलं की भिंतीला खिळा ठोकताना हात थांबतो, तसलं ते.

बाहेरून बघणारा म्हणतो, कसला हा कारभार! मीही म्हणते. पण मला आतली बाजूही दिसते, आणि ती दाखवल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

सुरुंगांमध्ये एक प्रकार असतो, त्यात गणक बसवलेला असतो. त्याला शिप काउंटर म्हणतात. सुरुंग पहिलं जहाज जाऊ देतो. दुसरं जाऊ देतो. कितवं जहाज मारायचं ते आधीच लावून ठेवलेलं असतं. सातवं लावलं असेल तर सहा जहाजं निर्धास्त निघून जातात, सुरुंग काढणारेही दोनचार वेळा फिरून 'वाट मोकळी' म्हणून सांगतात, आणि सातवं फुटतं. हे वाचलं तेव्हा मी कात्रण खाली ठेवलं आणि चहा करायला उठले. हे मला माहीत होतं. हे माझ्या बाबतीत झालं होतं.

नव्वदच्या दशकात एका व्हॉल्व्हची खरेदी होती. काम तातडीचं. तीन ठिकाणी पत्रं पाठवली, उत्तर एकाचंच आलं. किंमत वाजवी होती, मी मुंबईला फोन करून पडताळली होती. मी टिप्पणी लिहिली: एकच ऑफर आली आहे, वस्तू तातडीची आहे, किंमत वाजवी वाटते, शिफारस करते. खाली सही, तारीख. फाइल वर गेली. वरच्याने लिहिलं, 'सीन', म्हणजे पाहिलं. त्याच्या वरच्याने लिहिलं, 'ॲज प्रपोज्ड'. त्याच्या वरच्याने काहीच लिहिलं नाही, नुसती एक तिरकी रेघ ओढली, जी त्यांची सही आहे की पेन सुकलं का ते बघितलं, हे आजही सांगता येणार नाही. व्हॉल्व्ह आला, बसला, चालला. सात वर्षांनी ऑडिटवाल्यांना ती फाइल मिळाली. एकच ऑफर असताना फेरनिविदा का काढली नाही? तोपर्यंत 'सीन'वाले निवृत्त झाले होते, 'ॲज प्रपोज्ड'वाले दुसऱ्या राज्यात, तिरकी रेघवाले वारले होते. 'शिफारस करते' हे क्रियापद एकटं माझं होतं. दीड वर्ष स्पष्टीकरणं दिली. शेवटी काही निघालं नाही, पण त्या वर्षीची बढती मात्र निघून गेली.

त्यानंतर मी माझी सही कमी केली. शब्दशः. कचेरीत त्यासाठी तयार शब्दसंपत्ती असते, ती मी मनापासून शिकले. 'मे काइंडली सी.' 'पुट अप फॉर ऑर्डर्स प्लीज.' यांत करणारा कोणीच नसतो, वाक्य आपोआप घडतं. साहेबलोकांचं हत्यार तर त्याहून सुरेख: मार्जिनमध्ये दोनच शब्द, 'प्लीज स्पीक'. म्हणजे केबिनमध्ये या, बोला, आणि बोललेलं कुठेही लिहिलेलं राहणार नाही. कागदावर काय उरलं, तर 'डिस्कस्ड'. काय डिस्कस केलं, ते समुद्राच्या तळाला.

तेव्हा मला ही खरेदी वर्षानुवर्षं का रखडली ते सांगायला कोणी तज्ज्ञ नको आहे. जिथे वस्तूच अशी, की पुरवठादार दोन किंवा एक. जिथे किंमत पडताळायला बाजारभाव नाही, कारण बाजारच नाही. जिथे तंत्रज्ञान 'किती' दिलं हे किलोवर मोजता येत नाही. तिथे 'घ्या' असं लिहिणाऱ्याच्या पायाखाली सुरुंग असतो, आणि 'अधिक माहिती मागवावी' लिहिणाऱ्याच्या पायाखाली कधीच नसतो. न घेतलेल्या जहाजावर ऑडिटची हरकत घेणं फार अवघड. माझं मत विचाराल तर दोष कोणा एकाच्या हेतूचा असेल-नसेल, पण सगळी यंत्रणा जीआरपीची झाली होती. सही उमटवायचीच नाही, यात तरबेज.

आणि वस्तूही अशी दैवगतीची, की ती घेतल्याने काय झालं ते दाखवता येत नाही. पाणबुडी पाण्याखालून वर आली की फोटो निघतो. युद्धनौकेवरून क्षेपणास्त्र सुटतं. सुरुंगशोधकाने काम चोख केलं तर काय दिसतं? जहाजं येतात, जातात. म्हणजे जे रोज दिसतं तेच. त्याचं रोजचं काम तर आणखी निरस. ताशी चार-पाच सागरी मैलांच्या वेगाने रांगत जायचं, तळाशी दिसणारी प्रत्येक वस्तू तपासायची, हा दगड, हा टायर, ही कोणीतरी टाकलेली लोखंडी पेटी, आणि शंका आली तर दोरीला बांधलेलं छोटं यंत्र खाली सोडायचं. शांततेच्या काळात बंदराच्या वाटेचा तळ असा नोंदवून ठेवतात, म्हणजे उद्या एखादी वस्तू जास्त दिसली तर लगेच कळावं. आई झोपण्यापूर्वी स्वयंपाकघरात एक नजर फिरवायची तसं. काही जागचं हललं असेल तर तिला अंधारातही कळायचं.

न केल्याने काय होतं हे मात्र दाखवता येतं. १९७१च्या युद्धानंतर चितगाव बंदराची वाट पाकिस्तानने पेरलेल्या सुरुंगांनी आणि बुडालेल्या जहाजांनी अडली होती. नव्या बांगलादेशाला धान्य हवं होतं आणि ते येणार होतं समुद्रातून. सोव्हिएत नौदलाची तुकडी १९७२मध्ये तिथे आली आणि काम संपायला १९७४ उजाडलं. सुरुंग पेरायला लागले ते दिवस मोजके. १९८८मध्ये इराणी सुरुंगाने अमेरिकेच्या 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' या युद्धनौकेचा तळ फाडला. सुरुंग होता पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या नमुन्याचा, किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास. जहाज दुरुस्त करायला जवळपास नऊ कोटी डॉलर लागले. ज्या बनियाने सुरुंग शोधून काढला असेल त्याला दंडवत. एवढा नफा दुसऱ्या कुठल्या वस्तूवर नाही.

मुरगावच्या बंदरात कोळसा येतो, तेल येतं. बायणाच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की बाहेर नांगर टाकून थांबलेली जहाजं मोजता येतात. माझ्या नातीचा तो खेळ आहे. संध्याकाळी ती मोजते, मी 'बरोबर' म्हणते. त्या वाटेवर चार सुरुंग असतील एवढी नुसती अफवा उठली, तरी विमा कंपन्या जहाजांना इकडे फिरकू देणार नाहीत. सुरुंग खरा असायलाच हवा असं नाही, संशय पुरतो. हे सरकारी कचेरीतल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यात एक गोष्ट मला आमच्या सप्ताहावरून सुचते. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. नाव सप्ताह, पण अखंड भजन चोवीस तासांचं. प्लेगच्या साथीत गाव वाचावं म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नारळ ठेवून सुरुवात झाली, असं सांगतात. मंडळी पाळीपाळीने बसतात. एक मंडळी उठायची तर दुसरी आधी येऊन शेजारी बसते, तोच अभंग उचलते, टाळ सुरू होतात, आणि मगच पहिली उठते. मध्ये एक मात्रासुद्धा रिकामी जात नाही. सरकारी खरेदीत नेमकं याच्या उलट होतं. एक अधिकारी बदलून जातो, दुसरा येतो, फाइल पहिल्या पानापासून वाचतो, आणि पहिलाच प्रश्न असा विचारतो ज्याचं उत्तर सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. टाळ खाली. चला पुन्हा गणपतीपासून. दर पाळीला पहिल्यापासून गजर झाला असता तर सप्ताहाचं भजन आजवर एकदाही पुरं झालं नसतं.

मग ३ जुलै २०२५ला बातमी आली. संरक्षण खरेदी परिषदेने दहा प्रस्तावांची गरज मान्य केली, एकूण सुमारे १.०५ लाख कोटींचे, सगळी खरेदी देशी स्रोतांकडून. त्यात सुरुंगशोधक जहाजं होती. पेपरांनी लिहिलं बारा जहाजं, सुमारे ४४,००० कोटी. म्हणजे २०१५च्या आकड्यात बारा हजार कोटींची भर, आणि अजून निविदा निघायची होती. 'गरज मान्य' हा आमच्या धंद्यातला पहिला टप्पा. पुढे निविदा, तांत्रिक छाननी, किंमतीची बोलणी, मंत्रिमंडळ समिती, करार, आणि मग कुठे काचेचा पहिला थर. भाच्याचा उत्साहाने फोन आला तेव्हा मी यातलं काही बोलले नाही. बातमीतली एक गंमत तेवढी त्याला वाचून दाखवली. त्याच यादीत, त्याच दिवशी, सरकारने साखळीने बांधायच्या सुरुंगांची गरजही मान्य केली होती. आधी कोणीतरी लावायला हवेत ना, असं मावशी म्हणाली होती. एकाच बैठकीत दोन्हींची सोय झाली.

"पण आत्या," भाचा म्हणाला, "हे बघितलंस का?" त्याने मोबाइलवर बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या नव्या सुरुंगशोधकांचे फोटो पाठवले. २०१९मध्ये करार, दोघांची मिळून बारा जहाजं. आणि कवच पोलादाचं! कारण आता मोठं जहाज सुरुंगांच्या भागात शिरतच नाही. ते लांब उभं राहतं आणि आपल्या पोटातून बिनमाणसाच्या होड्या, पाण्याखालून जाणारी यंत्रं, उडणारे ड्रोन पाठवतं. सुरुंगाजवळ जायचं ते यंत्राने. मग काचेचं जहाज कशाला?

मला एकदम हसू आलं आणि रागही आला. पंधराहून जास्त वर्षं ज्यांनी फाइल पुढे सरकवली नाही त्यांना आता म्हणता येईल, बघा, आम्ही घाई केली नाही म्हणून देश जुनी वस्तू घेण्यापासून वाचला. आळसाला दूरदृष्टी ठरवणारा योग इतका जुळून क्वचितच येतो. तसं बघितलं तर काचेच्या जहाजाचे दिवस अजून संपलेले नाहीत. अनेक नौदलं अजून तीच वापरतात, आणि यंत्र हरवलं तर कोणाला तरी पुढे जावंच लागतं. आपल्या बारा जहाजांत कवच किती आणि ड्रोन किती, हे कोणीतरी ठरवेल, आणि ते ठरवताना खाली सही करावी लागेल.

गेल्या महिन्यात भाच्याच्या शेडमध्ये गेले होते. पावसाळा. आत पाऊल टाकताच रेझिनचा तो नाकात चढणारा वास. एक मुलगा साच्यावर काचेची मॅट अंथरत होता, दुसरा ब्रशने रेझिन पाजत होता, आणि भाचा दातेरी लोखंडी रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढत होता. बुडबुडा आत राहिला तर वरून काहीच दिसत नाही. थर सुकतो, रंग चढतो, होडी चकचकते, आणि दोन वर्षांनी बरोबर तिथूनच सुटते. पावसाळ्यात हवेत इतकं पाणी की रेझिन नीट आवळत नाही, म्हणून मोठी कामं बंदिस्त, कोरड्या हवेच्या शेडमध्येच करतात. भाच्याकडे एक टेबलफॅन आहे आणि दारावर ताडपत्री. अर्ध्या बाहीच्या शर्टातून दिसणारे त्याचे हात लालसर, खाजवून खाजवून. काच लागते अंगाला, तो म्हणाला, धुवून जात नाही.

आधीच्या आठवड्यात केलेली एक होडी कडेला पालथी होती. त्याने खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि तिच्या पाठीवर ठोकत निघाला. टक, टक, टक, टक. एका जागी आवाज बदलला. जरा पोकळ, भिजलेल्या लाकडावर ठोकल्यासारखा. मला कळला नसता, त्याने परत ठोकून दाखवला. मग खिशातला खडू काढून तिथे गोल केला आणि गोलाच्या बाजूला तारीख आणि स्वतःच्या नावाची दोन अक्षरं घातली.

"हे कशाला?" मी विचारलं. "इथे दुसरं कोण आहे?"

"उद्या मी नसलो आणि पोरांनी रंग मारून टाकला तर? कोणी बघितलं होतं ते कळायला हवं."

निघताना त्याने मला एक फॉर्म दिला. बँकेकडून कर्ज घेऊन शेडचा मागचा भाग बंदिस्त करायचा आहे, हवा कोरडी करणारं यंत्र बसवायचं आहे. जहाजांचं काम येईल तेव्हा येईल, म्हणाला, तोवर कोस्टल पोलिसांच्या नाहीतर पर्यटनवाल्यांच्या होड्या तरी मिळतील. जामीनदाराची सही हवी. पान तीन आणि पान सात.

मी चष्मा आणला नव्हता. म्हटलं, घरी नेऊन वाचते आणि सांगते. घरी आल्यावर वाचला. सगळं नीट आहे, व्याज वाजवी आहे, मी दुसऱ्या बँकेत फोन करून पडताळलंही. फक्त पान पाचवरच्या एका कलमाबद्दल त्याच्याशी एकदा बोलून घ्यायचं आहे. फॉर्म फ्रिजच्या दारावर लावलाय, विसरू नये म्हणून. नातीने जत्रेतून आणलेल्या आंब्याच्या चुंबकाखाली. आज अकरावा दिवस.